कूर्चेतला गंधक

नाकाचा शेंडा बोटाने दाबून सोडा. तो लगेच पूर्ववत होतो, कारण आत हाड नसून कूर्चा आहे. वाढत्या वयात हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळही कूर्चेची एक चकती असते. ती वाढत जाते, तिचे हाड बनते आणि आपली उंची वाढते.

कूर्चेत शर्करांच्या लांब साखळ्या असतात. त्यांना जागोजागी गंधकाचे सल्फेट गट चिकटलेले असतात. प्रत्येक सल्फेटवर ऋण विद्युतभार असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहातच. त्यामुळे साखळ्या पसरून राहतात, सोडियमचे धन आयन ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. म्हणून कूर्चा टणक, तरीही लवचिक असते.

परंतु सल्फेट आपोआप चिकटत नाही. आधी त्याला ऊर्जा द्यावी लागते. एका एन्झाइमच्या मदतीने, एटीपीचे दोन रेणू खर्च होऊन, सल्फेटपासून ‘पॅप्स’ हा क्रियाशील रेणू बनतो. हाच पुढे साखळीला सल्फेट देतो. हे एन्झाइम कसे बनवायचे याची माहिती दहाव्या गुणसूत्रावरील पीएपीएसएस-२ या जनुकात असते. चौथ्या गुणसूत्रावर त्याचे एक भावंडही आहे; पण कूर्चेतील कामाचा मुख्य भार क्रमांक दोनवरच असतो.

पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबात काहींचे पाय आखूड व वाकलेले, गुडघे मोठे आणि पाठीचा कणा वाकडा होता. १९९८ साली कारण उमगले. त्यांच्या या जनुकात ‘थांबा’ ही खूण मध्येच आली होती, त्यामुळे एन्झाइम अर्धवटच बनत होते. आखूड पायांच्या एका जातीच्या उंदरांतही याच जनुकात दोष सापडला.

आईवडील मात्र निरोगी कसे? जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असली की काम भागते. दोघांकडेही एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मेंडेलच्या वाटाण्यांचेच हे गणित! जवळच्या नात्यात लग्न झाल्यास एकाच पूर्वजाची सदोष प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्ने होतात, हे ध्यानात घ्या.

तेव्हा एखादे मूल असे जन्मले आणि “आईने ग्रहण पाळले नाही” असे कोणी म्हणाले, तर वहीत पनेटचा चौकोन काढा आणि त्यांना समजावून सांगा. दोष आईचा नाही.