ताप, तापमापक आणि ओल्या पट्ट्या

घरात एखादे मूल तापाने फणफणले, की दोन वस्तूंची शोधाशोध सुरू होते : तापमापक आणि पट्ट्यांसाठी मऊ सुती कापड. कापड लगेच सापडते. तापमापकाचे मात्र तसे नसते. त्याची बॅटरी उतरलेली असते, नाहीतर पाच मिनिटांत तो तीन निरनिराळे आकडे दाखवितो. घरातील माणसे त्रासून त्याला नावे ठेवतात आणि अखेर कपाळाला हात लावून ताप ठरवितात. परंतु दोष नेहमी उपकरणाचाच असतो काय?

इ. स. १८६७ च्या सुमारास टॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज वैद्याने सहा इंचांचा सुटसुटीत तापमापक प्रचारात आणला. पुढे शंभराहून अधिक वर्षे पाऱ्याची नळी घरोघरी वापरात होती. पारा विषारी असल्यामुळे २०१३ च्या मिनामाता करारात अशा तापमापकांचे उत्पादन थांबविण्यासाठी २०२० ही मुदत ठरली. आता बहुधा विजेवर चालणारा तापमापक आढळतो. त्याच्या टोकात थर्मिस्टर नावाचा लहानसा घटक असतो. तापमान बदलले की त्याचा विद्युत्-रोध बदलतो आणि त्यावरून आकडा ठरतो. तापमान वाढण्याचे थांबले, असे दिसताच उपकरण शिटी देते. टोक बगलेत नीट दाबून धरलेले नसेल, तर ही शिटी लवकर वाजते आणि आकडा कमी येतो. शिवाय बगलेतील तापमान तोंडातील तापमानापेक्षा सामान्यतः अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी असते. आणि गरम चहा नुकताच घेतला असेल, तर तोंडातील आकडा फसवा ठरतो.

कपाळासमोर धरावयाचा तापमापक त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजतो. घाम, पंख्याचा वारा किंवा नुकतीच काढलेली ओली पट्टी यांमुळे कपाळ थंड झालेले असते. अशा वेळी आकडा उतरतो. अंगातील ताप उतरलेला असेलच असे नाही.

मग पट्ट्या निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. एक ग्रॅम पाण्याचे त्वचेवर बाष्पीभवन होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. दहा किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे तापमान १ अंश सेल्सिअसने उतरण्यास सुमारे ८,३०० कॅलरी बाहेर जावयास हव्यात. म्हणजे दहा ग्रॅम पाणी सर्वस्वी त्याच्या अंगच्या उष्णतेने उडून गेले, तर तापमान सुमारे ०.७ अंशाने उतरेल. पण शरीर स्वस्थ बसत नाही. तापात मेंदूतील नियंत्रण-केंद्रच शरीराचे तापमान वर चढवून ठेवते. बर्फाचे पाणी लावल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हुडहुडी भरते आणि स्नायू अधिकच उष्णता निर्माण करतात. म्हणून पाणी कोमट असावे आणि मूल कुडकुडू लागताच पट्ट्या थांबवाव्यात. स्पिरिट किंवा कोलनवॉटर मुलांच्या अंगाला चोळू नये. त्यातील अल्कोहोल त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात शिरते.

पट्टीने काही काळ आराम पडतो. रोग बरा होत नाही. तापमापक ताप मोजतो. त्याचे कारण सांगत नाही. दोहोंकडून एवढीच अपेक्षा ठेवली, तर दोन्ही उपयोगी पडतात. ताप नेहमी एकाच उपकरणाने, एकाच जागी मोजावा आणि आकड्यासोबत वेळही लिहून ठेवावी. तीन महिन्यांखालील बालकाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. मूल कोणत्याही वयाचे असो, झटके, सुस्ती, धाप किंवा पाणी न पिणे ही लक्षणे दिसली, तर आकडा कितीही असला तरी हेच करावे.

करून पाहा : प्रयोगशाळेतील तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून तो पंख्यासमोर धरा आणि दर मिनिटाला तापमान नोंदवा. नंतर कोरडे फडके गुंडाळून तोच प्रयोग करा. दोन्ही नोंदींत फरक का पडतो, ते लिहा.