किल्ली फिरव नि आधी ऐक

अगं, गाडी चालू झाली नाही की तू दणादण सहा वेळा सेल्फ मारतेस, ते पहिलं बंद कर. एकदाच किल्ली फिरव आणि कान दे. कुटकुटकुट आवाज आला नि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय. एकच 'टक' होऊन पुढे सामसूम, दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर घे. इंजिन छान गरगरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष. पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. तेव्हा पंखा, रेडिओ बंद कर नि किल्ली नुसती 'ऑन'वर ने. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद झूं ऐकू आलं म्हणजे पंप जिवंत आहे.

बॅटरी बदलायला धावू नकोस. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धू, पुसून घट्ट आवळ. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना 14च्या आसपास. चालू इंजिनावरही 12च, तर डायनामो चार्ज करत नाही. (तुम्ही अल्टरनेटर म्हणा.) मी एकदा मीटर न लावताच नवीकोरी बॅटरी आणली, तीही तिसऱ्या दिवशी झोपली. दोष होता सैल पट्ट्याचा. तुझ्या काकूने ते अजून विसरू दिलेलं नाही.

जुनी गाडी घेताना एक बघायचं. किल्ली 'ऑन' केली की इशाऱ्याचे दिवे लागायलाच हवेत. इंजिन चालू झालं की विझतात. जो लागतच नाही, तो कुणी मुद्दाम मारून ठेवलाय का ते विचार. लाल किटली चालत्या गाडीत पेटली तर घर अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी इंजिन बंद कर. तेलाचं प्रेशर गेलंय, मिनिटभरात बेअरिंगं जातील. पिवळं इंजिनचं चित्र स्थिर असेल तर दोन दिवसांत गॅरेज गाठ. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल कर नि सुरक्षित जागा बघून थांब.

आणि पावसाळ्यात गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फला हात लावायचा नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, अख्खं इंजिन खोलावं लागतं. ढकलायला चार जण येतील, त्यातला एक हमखास म्हणेल, "मॅडम, एकदा मारून तर बघा." तोवर किल्ली पर्समध्ये गेलेली असू दे.