पहिल्या सरीला भुलू नका

मृग लागला, तरी चंदनसारकडचे ऊन काही उतरत नाही. दमट हवेने रात्रीही उकाडा, आणि शेताच्या कडेला इमारती, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्यापासून त्यांची धग वेगळीच. आपल्या भागात मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो. 2023 साली मात्र मुंबईत तो 25 जूनला पोचला. तेव्हा दोन आठवड्यांची ओढ गृहीत धरूनच भाताचे नियोजन करा.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते घाईने. एखादी वळवाची सर येते, धूळ बसते, मातीचा वास सुटतो आणि बी टाकले जाते. त्याआधी खुरप्याने माती उकरून पाहा. वरची दोन बोटे ओली आणि खाली भुकटी असेल, तर थांबा. एवढ्या ओलीवर बी रुजते खरे, पण पुढच्या चार दिवसांच्या उन्हात कोंब करपतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पावसाच्या भरवशावर रोप टाकू नये.

विहिरीचे पाणी आहे त्यांनी गादीवाफ्यावर निम्मेच रोप टाकावे, उरलेले आठ-दहा दिवसांनी. पाऊस लांबला आणि पहिले रोप जून झाले, तरी दुसरे हाताशी राहते. बी टाकण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगणारे पोचट दाणे काढा, तळाचे स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. फारच उशीर झाला, तर गरव्या वाणाचा हट्ट सोडून कर्जत-184 किंवा कर्जत-3 सारखे हळवे वाण घ्यावेत.

भेंडी, वांगी, मोगरा यांना पाणी संध्याकाळीच द्या आणि बुंध्याशी पेंढ्याचे आच्छादन करा. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली, तर तो कोळी; अशा उकाड्यात तो झपाट्याने वाढतो. गंधक फवारायचे तर ऊन उतरल्यावरच, आणि पारा चढलेल्या दिवसांत मुळीच नको, पाने भाजतात. गुरांना दुपारी सावलीत बांधा, पाणी सतत पुढ्यात ठेवा.

लावणीला रोप जून झालेच, तर एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या घ्या आणि अंतर थोडे कमी ठेवा, कारण अशा रोपाला फुटवे कमी येतात.