हिरव्या-निळ्या क्रोमिसचा थवा : घरगुती सागरी मत्स्यालयातील संगोपन

हिरवा-निळा क्रोमिस (क्रोमिस विरिडिस) हा सुमारे ८ सें.मी. लांबीचा मासा हिंद व प्रशांत महासागरांतील प्रवाळभित्तींवर थव्याने राहतो. भारतात तो लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथे आढळतो. शाखायुक्त प्रवाळावर तरंगत तो प्राणिप्लवक टिपतो. धोका जाणवताच सारा थवा प्रवाळाच्या फांद्यांत शिरतो. शांत स्वभावामुळे तो शोभिवंत मासा म्हणून लोकप्रिय आहे. तथापि, अनेक घरगुती मत्स्यालयांत त्याची संख्या काही महिन्यांतच एकेकाने घटत जाते.

संख्या घटण्याची कारणे

बाहेरून एकजिनसी दिसणाऱ्या थव्यातही बलवान व दुर्बल अशी उतरंड असते. समुद्रात दुर्बल माशाला दूर सरकण्यास वाव मिळतो. टाकीत तो मिळत नाही. सतत पाठलाग सोसणारा मासा कोपऱ्यात दबून राहतो, अन्नास मुकतो व रोगास बळी पडतो. युरोनिमा या सूक्ष्म आदिजीवाचा प्रादुर्भाव झाल्यास अंगावर तांबूस व्रण दिसतात आणि मासा लवकर दगावतो.

टाकीची पूर्वतयारी

- ६ ते ८ माशांसाठी किमान ३०० लिटर क्षमतेची, लांबट टाकी निवडावी.
- क्लोरीनमुक्त पाण्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ वापरू नये.
- विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस व सामू ८.१ ते ८.४ राखावा.
- जैविक गाळणीत उपयुक्त जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज मासे सोडू नयेत.
- लपण्यासाठी कृत्रिम प्रवाळ वापरावे. कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे.

मासे सोडणे व आहार

समान आकाराचे मासे एकाच वेळी आणून ३ ते ४ आठवडे स्वतंत्र टाकीत निरीक्षणाखाली ठेवावेत व नंतर एकत्रच मुख्य टाकीत सोडावेत. मागाहून सोडलेल्या एकट्या माशावर हल्ले होण्याचा संभव अधिक असतो. निसर्गात हा मासा दिवसभर थोडे थोडे खातो. म्हणून आर्टेमिया, कोपेपोड यांसारखे बारीक खाद्य दिवसातून किमान ३ वेळा, प्रवाहात पसरेल असे द्यावे. त्यामुळे कनिष्ठ माशांपर्यंतही अन्न पोहोचते. मार खाणारा मासा वेळीच वेगळा करावा.

खरेदी करताना

घरी दगावलेला प्रत्येक मासा समुद्रातून पकडलेला असेल, तर त्याची भरपाई पुन्हा प्रवाळभित्तीतूनच होते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मंडपम (तमिळनाडू) येथील केंद्राने या माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. नर मासा अंड्यांची राखण करतो; पिल्लांच्या सुरुवातीच्या अवस्थेत मात्र अतिसूक्ष्म जिवंत खाद्य लागत असल्याने त्यांचे संगोपन कौशल्याचे असते. त्यामुळे खरेदीपूर्वी माशाच्या उगमाची चौकशी करावी व उबवणी केंद्रातील पिल्लांना प्राधान्य द्यावे. मासे मोजकेच घ्यावेत. परंतु वर्षानंतरही थवा तेवढाच राहील, अशी व्यवस्था आधी करावी.