शिकारी पक्षी पाहताना आणि टिपताना

महाराष्ट्रातील माळरानांवर शिकारी पक्षी पाहण्याचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी, सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरजवळचे नान्नज या गवताळ भागांत उत्तरेकडून भोवत्या पक्षी (हॅरियर) आणि स्टेप गरुड हिवाळा काढायला येतात. कापशी, शिक्रा, सापमार गरुड, बोनेली गरुड हे तर इथलेच रहिवासी. पाहणाऱ्यांची गर्दीही याच महिन्यांत होते, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. इथल्या अनेक शिकारी पक्ष्यांच्या विणीचा काळही हाच असतो. बोनेली गरुड आणि लांब चोचीचे गिधाड हिवाळ्यातच अंड्यावर बसतात, सापमार गरुडही हिवाळा सरता सरता घरट्याला लागतो. गिधाड आणि सापमार गरुड एका विणीत एकच अंडे घालतात. ते गेले की बहुधा त्या जोडीचे वर्ष वाया जाते.

घरट्याचे छायाचित्र घेऊच नये, हा सल्ला पुष्कळांना जाचक वाटतो. तरी तो पाळण्यासारखाच आहे. माणूस जवळ आला की मादी उठते आणि पिल्लू उघडे पडते. मार्चच्या उन्हात, सावली नसलेल्या कड्यावर किंवा निष्पर्ण झाडावर थोडा वेळही लहान पिल्लाला सोसत नाही. कावळे तर अशा संधीची वाटच पाहत असतात. छायाचित्रात आड येणारी फांदी छाटणे त्याहून वाईट, कारण ती फांदी घरट्याची सावली असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते, हे हौशी छायाचित्रकारांना सहसा ठाऊक नसते.

घरट्याबाहेर प्रश्न अंतराचा असतो आणि ते मीटरमध्ये सांगता येत नाही. रस्त्याकडेच्या तारेवर बसणारी कापशी गाडीला सरावलेली असते, तर तेवढ्याच अंतरावर स्टेप गरुड उडून जाईल. अंतर ठरते ते पक्ष्याच्या वागण्यावरून. निवांत पक्षी पिसे साफ करतो, एका पायावर उभा राहतो, इकडेतिकडे पाहतो. अस्वस्थ झाला की पिसे अंगाला चिकटवून सडपातळ होतो, मान ताठ करतो आणि नजर माणसावर खिळवतो. पुढे झुकून त्याने विष्ठा टाकली, तर तो उडण्याच्या बेतात आहे असे समजावे. मान ताठ झाली तिथेच थांबावे. थोड्या वेळाने तो पुन्हा पिसे साफ करू लागला तर बसावे, नाहीतर मागे सरावे.

सकाळी लवकर गरुडाला किंवा गिधाडाला उडवणे विशेष महागात पडते, अर्थात त्याला. जमीन तापून गरम हवा वर चढू लागली की हे जड पक्षी पंख न हलवता घिरट्या घेतात. त्याआधी उडावे लागले तर प्रत्येक हात उंची पंख मारून मिळवावी लागते. संध्याकाळचा धोका भोवत्या पक्ष्यांना. ते झाडावर नव्हे, तर उंच गवतात जमिनीवर, थव्याने रात्र काढतात. सांजवेळी त्या गवतात शिरले की सारा थवा उठतो आणि कोल्ह्या-लांडग्यांच्या मुलखात अंधारात नवी जागा शोधत फिरतो. गुजरातमधील वेळावदरचे गवताळ राष्ट्रीय उद्यान अशा रात्रथाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

गाडी हाच उत्तम आडोसा. मात्र ती मळलेल्या वाटेवर उभी ठेवावी आणि खिडकीवर डाळीची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. बसलेल्या पक्ष्यामागे माळावर गाडी घालणे हा इथला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. गवतात चंडोल आणि टिटव्यांची घरटी असतात, ती चाकाखाली जातात. सूर्य पाठीशी हवा, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, आणि उजळ आकाशासमोर गडद पक्षी असेल तर उद्भासन (एक्स्पोजर) एक स्टॉप वाढवावे. ओळख पटवायची तर एकाच देखण्या चित्रापेक्षा पंखांची खालची बाजू, वरची बाजू आणि शेपटी दाखवणारी तीन साधी चित्रे अधिक कामाची. भोवत्यांच्या माद्या आणि तरुण पक्षी एवढे सारखे दिसतात की एका चित्रावरून जाणकारही चुकतात.

उंदीर सोडून पक्षी खाली आणणे किंवा ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला बोलावणे म्हणजे छायाचित्र विकत घेणे होय. आमिषाला सवकलेला पक्षी रस्त्यालगत घुटमळतो आणि वाहनाखाली येतो. घरटे असलेल्या कड्याजवळ ड्रोन उडवणे तर निखालस वर्ज्य. ससाणे आणि गरुड त्यावर चालून जातात आणि पात्यांनी जखमी होतात.

छायाचित्र प्रसिद्ध करताना फाइलमधील जागेची नोंद काढून टाकावी आणि घरट्याचा किंवा रात्रथाऱ्याचा ठिकाणा जिल्ह्यापलीकडे सांगू नये.

जखमी पक्षी सापडला, आणि मकर संक्रांतीच्या सुमारास मांजामुळे असे पक्षी हमखास सापडतात, तर त्याच्यासोबत छायाचित्र काढत बसू नये. अंगावर जाड कापड टाकून, नख्या सांभाळत त्याला उचलावे आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.