शाळेचा परिपाठ आणि आपली मुले



जून महिन्यात शाळा उघडल्या की मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक म्हणजे, शाळा आपल्या मिशनची, तर मग परिपाठात प्रभू येशूचे नाव पूर्वीसारखे का घेत नाहीत? दुसरा प्रश्न खेड्यातल्या पालकांचा. आमचे लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, तिथे त्याला रोज सरस्वतीच्या फोटोपुढे हात जोडावे लागतात, काय करावे? हे दोन प्रश्न एकत्र विचारले तरच त्यांचे उत्तर सापडते.

परिपाठ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, शेवटी मौन. आता आपल्या भागातली रांग पाहा. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, त्या नांदेडच्या शाळेत पटका बांधलेले शीख मूल असते. त्याच्या शेजारी मुसलमान, बौद्ध आणि लिंगायत मुले, तांड्यावरून आलेली बंजारा मुलगी, आणि क्वचित एखादे आपले मूल. लातूरकडेही फारसे वेगळे चित्र नाही. या सर्वांकडून एकाच धर्माची प्रार्थना सक्तीने म्हणवून घ्यावी काय?

ख्रिस्तसभेने याचे उत्तर 1965 सालीच दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले की, आईवडिलांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या पाठाला मुलाला जबरदस्तीने बसवणे हा त्या आईवडिलांच्या हक्काचा भंग आहे. शिक्षणावरील दस्तऐवजात कॅथोलिक शाळेची ओळख सांगितली ती सुवार्तेच्या स्वातंत्र्याने व प्रीतीने भरलेले वातावरण, अशी. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्या परंपरा इतर धर्मांच्या मुलांवर लादू नयेत, आणि सकाळी संविधानाची उद्देशिका वाचावी, असे त्यात आहे. महाराष्ट्रात उद्देशिकेचे वाचन सरकारने 26 जानेवारी 2020 पासूनच सुरू केले होते. इंग्लंडमध्ये 1944 च्या कायद्याने शाळेत रोज सामुदायिक उपासना सक्तीची केली, परंतु तिथेही पालकाला आपले मूल त्यातून बाहेर ठेवण्याची मुभा आहे.

मग ख्रिस्ती मूल्ये कुठे राहिली, असे कोणी म्हणेल. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय 5:23-24) प्रभू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. म्हणजे प्रार्थनेच्या आधी समेट. मौनाआधी वर्गशिक्षिकेने एवढेच विचारावे, काल कोणाचे कोणाशी भांडण झाले? दोन मुले रांगेतून पुढे येऊन हात मिळवतील. त्यात कोणाच्या धर्माला धक्का लागत नाही. नंतर दोन मिनिटे शांतता ठेवावी, ज्याने त्याने आपल्या देवाचे नाव घ्यावे.

बोधकथेचेही तसेच. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10) अवश्य सांगावी. त्यातला नायक ऐकणाऱ्यांच्या धर्माचा नव्हता, ही त्या गोष्टीची खरी धार. आपल्याकडे गोष्ट संपताच 'तात्पर्य' सांगायची फार घाई असते. प्रभूने मात्र तात्पर्य न सांगता प्रश्न विचारला, या तिघांत शेजारी कोण ठरला? नांदेडचे मूल त्यावर गुरुद्वाराच्या लंगरचे उदाहरण देईल. देऊ द्यावे.

याच्या उलट, प्रेमाचे गीत गाऊन झाल्यावर फी थकलेल्या मुलाचे नाव सर्वांदेखत पुकारून त्याला बाजूला उभे केले, तर त्या सकाळी मुले काय शिकली? त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, मूल आजीजवळ राहते. हा प्रकार ज्या शाळेत होतो तिथे भिंतीवर क्रूस आहे की नाही, याने फरक पडत नाही. पालकसभेत आपण विचारायचे ते याविषयी.

आता दुसरा प्रश्न. संविधानाचे 28 वे कलम सांगते की, सरकारमान्य किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. हे आपल्या शाळांना लागू आहे, तसेच आपल्या मुलांचे रक्षणही करते. केरळमधील तीन मुले श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, मात्र आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढणे चूक होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितले.

म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांना भेटून ही गोष्ट शांतपणे सांगावी. भांडण करू नये, आणि आपल्या मुलाला रांगेबाहेर काढा असेही म्हणू नये. ते सोबत्यांबरोबर उभे राहील, त्यांच्या प्रार्थनेचा मान राखील आणि मनात प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणेल. त्यासाठी ती त्याला आधी पाठ हवी. ते काम परिपाठावर सोडता येणार नाही. दिवे लागल्यावर टीव्ही थोडा वेळ बंद करून आईवडिलांनी मुलांना जवळ बसवावे, आणि क्रुसाच्या खुणेपासून सुरुवात करावी.