चावडीवरचा न्याय : मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांची जबाबदारी

पूर्वी गावातले वाद चावडीवर येत. तिथे साक्षी होत आणि चार लोकांसमक्ष निवाडा होई. मराठी विकिपीडियाने आपल्या सामाईक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हेच नाव दिले आहे, आणि ते सार्थ आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश कोणा एका संपादक मंडळाने लिहिलेला नाही. तो कोणीही वाचावा, कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा, या तत्त्वावर तो उभा आहे. मात्र जिथे सर्वांना लिहिण्याची मुभा असते तिथे वाद अटळ असतात आणि राखण करणारे कोणीतरी लागते. या राखणदारांना ‘प्रचालक’ म्हणतात. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काहींनी उद्या हे काम हाती घ्यावे, अशी आमची इच्छा आहे. म्हणून या पदाच्या अधिकारांचा, आणि त्याहून अधिक त्याच्या मर्यादांचा, येथे विचार करू.

अधिकार कोणता, कोणता नव्हे

प्रचालक हा स्वयंसेवक असतो. त्याला वेतन नसते. इतर सदस्यांच्या कौलाने तो निवडला जातो. त्याच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी असतात : अयोग्य पान वगळणे, वादग्रस्त पान काही काळ सुरक्षित करणे आणि वारंवार उत्पात करणाऱ्या सदस्यावर प्रतिबंध घालणे. यांतील प्रत्येक कृतीची नोंद राहते आणि ती कोणालाही पाहता येते. विकिपीडियाच्या जगात प्रचालकाचे चिन्ह म्हणून राजदंड दाखवत नाहीत, फरशी पुसण्याचे साधन दाखवतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लेखात काय लिहावे, हे ठरवण्याचा विशेष अधिकार मात्र प्रचालकाला नाही. मजकुराच्या बाबतीत त्याचे मत इतर सदस्यांच्या मताइतकेच. तो वर्तनावर लक्ष ठेवतो; सत्याचा ठेका त्याच्याकडे नसतो. बहुतेक अन्याय हा भेद विसरल्यामुळे घडतात.

शिवनेरीचे उदाहरण

आपल्या जुन्नर तालुक्यातीलच एक प्रश्न घ्या. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, यावर एकमत आहे. जन्मतिथीवर मात्र दीर्घकाळ वाद चालला. एक पक्ष वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मानत असे. दुसरा फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावलीसारखी साधने दुसऱ्या पक्षाला आधार देतात. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

अशा लेखावर दोन सदस्य एकमेकांचे बदल उलटवत बसले, तर प्रचालकाने काय करावे? आपल्याला पटलेली तारीख लिहून पानाला कुलूप लावणे हा सोपा मार्ग, पण तो अधिकाराचा गैरवापर होय. योग्य मार्ग असा : पान थोड्या दिवसांसाठी सुरक्षित करावे, दोघांना चर्चापानावर बोलवावे, आपापली साधने मांडायला सांगावे. मग लेखात मान्य तारीख, तिचा आधार आणि जुन्या मताचा इतिहास, असे तिन्ही यावे. वाद मिटवताना वादाचा इतिहास पुसून टाकायचा नसतो.

आपल्याच बाजूचा प्रश्न

खरी कसोटी लागते ती प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा असतो तेव्हा. लेण्याद्रीची लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली. तेथील सहावे लेणे चैत्यगृह आहे. सातवे लेणे मूळचा विहार, आणि आज त्यातच अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. समजा, कोणी या लेखातून ‘बौद्ध’ हा शब्द काढला, किंवा उलट कोणी गिरिजात्मजाचा उल्लेखच वगळला. दोघांनीही अर्धे सत्य पुसले. आमच्यासारख्या बौद्ध संस्थेतील कोणी प्रचालक असेल, तर पहिल्या कृतीने त्याचे मन दुखावेल, हे स्वाभाविक आहे. नेमक्या त्याच कारणाने त्याने या वादात आपले विशेष अधिकार वापरू नयेत. सामान्य सदस्य म्हणून त्याने पुरावे जरूर मांडावेत. पान सुरक्षित करण्याचा किंवा प्रतिबंधाचा निर्णय दुसऱ्या प्रचालकावर सोपवावा. स्वतःच्या फिर्यादीत स्वतःच पंच होऊ नये, हा न्यायाचा जुना नियम आहे. तो आपल्या बाजूलाही लागू केला, तरच त्याला अर्थ आहे.

नवागताशी वागणूक

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते; परंतु असंख्य कलावंतांच्या आठवणी छापील पानांवर कधी आल्याच नाहीत. फडात आयुष्य घालवलेल्या आजीकडून ऐकलेली माहिती एखादी नात विकिपीडियावर लिहिते. ‘संदर्भ नाही’ एवढेच म्हणून तो मजकूर क्षणात वगळणे नियमाला धरून असेलही, जबाबदारीला धरून नाही. मजकूर चर्चापानावर हलवावा, कोणते संदर्भ चालतात ते सांगावे, जुनी वृत्तपत्रे वा लोककलेवरील ग्रंथ सुचवावेत. पहिल्याच दिवशी कारण न कळता हाकलली गेलेली नात पुन्हा येत नाही, आणि तिच्याबरोबर ती माहितीही जाते.

काही ठिकाणी मात्र विलंब हाच दोष ठरतो. जिवंत व्यक्तीची निराधार बदनामी, पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला मजकूर, जातीधर्मावरून शिवीगाळ : येथे आधी मजकूर काढावा, मग चर्चा करावी.

एका विकिपीडियाचा धडा

राखणदारच पक्षपाती झाले तर काय होते, हे क्रोएशियन भाषेतील विकिपीडियाने दाखवून दिले. तेथे एका प्रचालक गटाने अनेक वर्षे वर्चस्व मिळवले, विरोधी सदस्यांना दूर ठेवले आणि दुसऱ्या महायुद्धातील अत्याचारांचा इतिहासही सौम्य करून मांडला. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने हे उघड केले. लहान भाषेच्या विकिपीडियावर प्रचालक मोजकेच असतात, म्हणून एकाचा राग वा लोभ फार दूरवर पोचतो. मराठीनेही हा धडा ध्यानात ठेवावा.

चार प्रश्न

कोणतीही कारवाई करण्यापूर्वी प्रचालकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत :

१. या वादात मी स्वतः पक्षकार आहे का?
२. समोरच्याचे म्हणणे मी ऐकले का?
३. माझ्या निर्णयाचे कारण मी सर्वांना दिसेल असे लिहिले आहे का?
४. याहून सौम्य उपाय पुरला असता का?

हे प्रश्न केवळ विकिपीडियाचे नाहीत. वसतिगृहाची समिती, बचत गट, ग्रामसभा, माजी विद्यार्थी संघ, जिथे जिथे सर्वांच्या वतीने थोडा अधिकार एखाद्याच्या हाती येतो, तिथे ते लागू पडतात.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी विकिपीडियाच्या ‘धूळपाटी’वर सराव करून आपल्या गावाविषयी साधार लिहायला आरंभ करावा. पालकांनी मुलांना लेखासोबत त्याचे चर्चापान आणि इतिहासही वाचायला शिकवावे. चावडी सर्वांची असेल, तर तिथला न्याय राखण्याची जबाबदारीही सर्वांचीच आहे.